मिरोला मालक व्हायची मुभा होती

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या फाउंड्रीत जेवणाच्या सुट्टीत सभा भरली आणि प्रमुख वक्ता म्हणून मला बाकावर उभं करण्यात आलं. मला बाकावर उभं करणं सोपं आहे, खाली उतरवणं अवघड, हे बेळगावच्या सगळ्या उद्यमबाग वसाहतीला माहीत आहे. तरीही विनायकनं ते धाडस केलं. विनायक निपाणीजवळच्या बोरगावचा, तिशीतला गडी. मोल्डिंगचं, म्हणजे रेतीचे साचे भरायचं, काम माझ्याच हाताखाली शिकला, त्यामुळं हात चांगला आहे. डोकं गरम असतं, पण ते भट्टीजवळ सगळ्यांचंच असतं.

सभेचा विषय होता बाहेरचे कामगार. आमच्याकडं ओडिशाहून आलेले काहीजण रेतीकाम करतात. त्यातला बिशू हा माझ्या मते आमच्या शॉपमधला दुसऱ्या नंबरचा मोल्डर. (पहिला कोण ते विचारू नका.) विनायकचं म्हणणं असं, की दसऱ्यानंतर मालकांनी या लोकांचा करार वाढवू नये आणि फक्त आपलीच माणसं घ्यावीत. बिशू तिथंच भिंतीला टेकून डबा खात होता. बेळगावात त्याला चार वर्षं झालेली, मराठी सगळी कळते. त्यानं डब्यातून मान वर केली नाही.

"अण्णा," विनायक म्हणाला, "तुमी युरोपात काम करून आलाय. तिकडं कसं आधी आपल्या माणसाला घेत्यात आन् बाहेरच्याला कसं दाराबाहेर ठेवत्यात, ते जरा सांगा ह्यास्नी."

"सांगतो की," म्हटलं. "लई ब्येस सांगतो."

तिथं जे सांगितलं तेच इथं लिहितोय. भोंगा झाल्यामुळं जे राहिलं तेही लिहितोय.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं काम ओतकामाचं. पंपाचं घर, मोटरीची बॉडी, असलं काहीही बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, बनवायचं झालं, की त्याचा लाकडी नमुना लोखंडी पेटीत ठेवायचा, भोवती ओलसर रेती ठोकून भरायची, नमुना अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. ऐकायला सोपं आहे. रेती सैल ठोकली तर बीड तिला ढकलून बाहेर येतं. जास्त ठोकली तर वाफेला वाट मिळत नाही आणि कास्टिंगच्या पोटात भोकं पडतात. किती ठोकायचं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. ते मनगटाला कळावं लागतं. पाणी घालून मिळवलेली रेती फार वेळ ठेवताही येत नाही. वाळली की मेली. म्हणून मोल्डर सकाळी आला की आधी चहा विचारत नाही, रेती विचारतो.

हे मनगट घेऊन मी ऑस्ट्रियाला गेलो. आमच्या तेव्हाच्या मालकांचा तिथल्या एका फाउंड्रीशी व्यवहार होता. त्यांचे जुने मोल्डर निवृत्त झाले होते आणि तरुण पोरं रेतीत हात घालायला तयार नव्हती. त्यांनी वकील लावले, कागद केले आणि 'खास कारागीर' म्हणून मला तिथं राहून नोकरी करायचं कार्ड मिळालं. आमच्या गावी, बेळगुंदीत, माझी आई सगळ्यांना सांगत सुटली, की सरकारनं बोलावलंय. मीही तिची चूक दुरुस्त केली नाही.

गाव नदीकाठी होतं. नदीच्या अलीकडं ऑस्ट्रिया, पलीकडं जर्मनी, मध्ये पूल. लोक पाव आणायला या देशातून त्या देशात जायचे. मी सीमाभागातला माणूस, मला आल्याआल्याच घरच्यासारखं वाटलं. फक्त तिथं मोर्चा नव्हता आणि पाट्यांवरून भांडण नव्हतं.

तिथं मला मिरो भेटला. क्रोएशियाचा, माझ्याच वयाचा, खांदे बैलासारखे आणि आवाज कीर्तनकाराचा. आम्ही दोघं मोडकी जर्मन बोलायचो. पण मला त्याचं बोलणं नेहमी निपाणीच्या बाजारातल्यासारखंच ऐकू यायचं, म्हणून इथंही तसंच लिहितो. त्याची मूळ जर्मन याहून शुद्ध नव्हती.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तू किती वर्षं हाईस इथं कामाला?"

"मी कामाला न्हाई," तो म्हणाला. "मी मालक हाय."

मी त्याच्याकडं पाहिलं. भुवयांत रेती, हातात ठोकणा, पाठीवर घामाचा नकाशा.

"कशाचा मालक?"

"माझा सोताचा. माझी कंपनी हाय. कंपनीत एक माणूस हाय. त्यो बी मीच."

मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा होती, पण ती त्यानं केलेली नव्हती, कायद्यानं केली होती. नीट ऐका. क्रोएशिया आदल्या वर्षी युरोपीय संघात आला होता. देश संघात आला, की त्याचा माल सगळीकडं मोकळा, पैसा मोकळा. तिथल्या माणसालाही हिंडायला, राहायला, खर्च करायला मोकळीक. फक्त नोकरी धरायला नाही. जुन्या सभासद देशांना भीती, की नव्या घरातले लोक झुंडीनं येतील आणि आपल्या पोरांच्या नोकऱ्या खातील. म्हणून त्यांना सवलत होती, की दार सात वर्षांपर्यंत लावून ठेवा. आधी दोन वर्षं, मग तीन, मग आणखी दोन. काही देशांनी पहिल्याच दिवशी उघडलं. जर्मनी दोन वर्षांनी उघडणार होती. ऑस्ट्रियानं सातही वर्षं कडी घालायची ठरवली. तोवर नव्या देशाच्या माणसाला नोकरी द्यायची तर मालकानं सरकारकडं परवाना मागायचा, आणि सरकार आधी बघणार, की इथला कुणी मिळतो का.

पण धंदा काढायला बंदी नव्हती! पहिल्या दिवसापासून खुशाल कंपनी काढा. म्हणजे मिरोला मालक व्हायची मुभा होती, मजूर व्हायची नव्हती. आपल्याकडं माणूस जन्मभर मजूर असतो आणि मालक व्हायची स्वप्नं बघतो. हा बिचारा जन्मभर मालक राहायची शिक्षा भोगत होता आणि रात्री त्याला मजूर झाल्याची स्वप्नं पडायची.

आमच्या फाउंड्रीच्या मालकाला ही सोय फार आवडली. मिरो रोज आमच्याबरोबर भोंग्याला यायचा, फोरमन सांगेल ते करायचा, भोंग्याला जायचा. महिन्याच्या शेवटी त्याची 'कंपनी' बिल द्यायची. त्याला रजा नाही, आजारपण नाही. हाताला चटका बसला तर पट्टी बांधायची आणि मालकानं मालकाला समजावून सांगायचं, की आज सुट्टी नाही.

हेही त्यानं सोसलं असतं. दुखणं वेगळंच होतं. त्याची बायको आना आणि शाळेत जाणारी मुलगी गावाकडं होत्या. त्यांना आणायचं तर घर पाहिजे. घर बघायला गेला की घरमालक पहिली गोष्ट मागायचा, ती पगाराची पावती. मालकाला पगाराची पावती कुठून येणार? चार दारं त्याच्या तोंडावर बंद झाली, तेव्हा तो माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आला. कॉट एक, खुर्ची एक आणि कोपऱ्यात चकचकीत नवीन वॉशिंग मशीन. नळाला जोडायला जागाच नव्हती. त्यावर तो जेवायचं ताट ठेवायचा.

"हे कशाला घेतलंस रं?"

"आनाला कबूल केलतं."

"आन् आना कुठाय?"

"ती बी येतीया की. आदी मशीन आलंय, मागनं बायकू ईल."

हे एवढं पणाला लागलं होतं. एक नोकरी, तिच्यामागं एक पावती, तिच्यामागं एक घर, आणि घरात एक नळ.

आता ऑक्टोबर आला आणि खंडेनवमी आली. घरी होतो तेव्हा खंडेनवमीला मी इतरांइतकाच भाविक. परदेशात गेलो आणि दहापट भाविक झालो. सौभाग्यवतींनी पार्सलमधून हळदकुंकू पाठवलेलं होतंच. त्यात देवाची मर्जी अशी, की आठवडाभर आमच्या कास्टिंगमध्ये भोकं पडत होती. फोरमन योझेफ, मोठा कडक माणूस, पण भोकांनी रडकुंडीला आलेला. मी त्याला गाठलं. गंभीर चेहरा केला. (मला तो करायला वेळ लागतो.) म्हटलं, आमच्याकडं वर्षातून एक दिवस हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी हत्यारं उचलायची नाहीत. त्यांना विश्रांती द्यायची. तुमच्या हत्यारांना किती वर्षांत कुणी नमस्कार केलेला नाही, त्याचीच ही भोकं.

त्या दिवशी नेमकं भट्टीचं अस्तर बदलायचं होतं, ओतकाम नव्हतंच. योझेफनं खांदे उडवले. "कर बाबा."

झेंडूची फुलं आणायला गेलो तर फुलवाली म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही, थाप्या आणि ठोकणे आहेत." तिनं पैसे घेतले आणि मी बाहेर पडेपर्यंत माझ्यावरची नजर हटवली नाही. सकाळी मोल्डिंगच्या लांब टेबलावर मी पांढरा कागद अंथरला. सगळ्यांच्या थाप्या, ठोकणे, चाळण्या, ब्रश ओळीनं मांडले. प्रत्येकाला हळद, कुंकू, फूल. नारळ फोडला तेव्हा त्या दणक्यानं योझेफ दोन पावलं मागं सरला आणि मग खोबऱ्यासाठी चार पावलं पुढं आला. मिरो हात जोडून उभा. कपाळाला कुंकू, डोळ्यांत पाणी. म्हणाला, "आमच्यात पाद्री बोटींना आशीर्वाद देतो. हत्याराला कुणी न्हाई देत."

आणि अशा प्रसन्न वातावरणात दार उघडून तपासणीवाले आत आले.

एक बाई आणि तिच्यामागं दोन गडी. बेकायदा कामगार शोधणारं खातं. बाईनं टेबलाकडं पाहिलं. असलं दृश्य त्यांच्या प्रशिक्षणात नसावं.

"ही हत्यारं कुणाची?"

आता बघा, मी पूजा मांडून बसलेला माणूस. मान वर करून म्हटलं, "सगळी कंपनीची, बाई! प्रत्येकावर छाप आहे. आमच्याकडं हत्याराला जिवापाड जपतात."

बाईनं एकेक फूल बाजूला करून छाप पाहिला. मग मिरोकडं वळली.

"तुम्ही कोण?"

"मी मालक," मिरो म्हणाला. "माझा सोताचा धंदा हाय."

"कसला?"

"मोल्डिंगचा."

"तुमची हत्यारं कुठं आहेत?"

मिरोनं कुंकवाच्या ओळीकडं बोट केलं.

"ती तर यांची आहेत."

"व्हय. पर मी वापरतो."

"आज का वापरत नाही?"

"आज उचलायची न्हाईत. पूजा हाय."

"कुणी सांगितलं?"

"ह्यानं." बोट माझ्याकडं.

"आणि यांना कुणी परवानगी दिली?"

"फोरमननं."

"म्हणजे तुम्ही मालक आहात, तुमच्याकडं तुमची एक थापी नाही, आणि आज काम करायचं की नाही हे फोरमन ठरवतो?"

मिरोनं माझ्याकडं पाहिलं. मी योझेफकडं पाहिलं. योझेफ खोबरं चावत होता, तो चावायचा थांबला. मग त्याला सुचेल ते तो बोलला, आणि त्याला नेमकं हेच सुचलं: "मिरो, उभा काय राहिलास? झाडू घे आणि आवार झाड!"

आणि मालकानं मुकाट्यानं झाडू घेतला. बाईनं लिहायला सुरुवात केली.

काही आठवड्यांनी निकाल आला. मिरोनं मला आपल्या खोलीत ओढून नेलं आणि मी तो मशीनच्या पाठीवर पसरून मोठ्यानं वाचला. त्यात लिहिलं होतं, की हा माणूस मालक वगैरे काही नाही. हा दुसऱ्याच्या हत्यारानं, दुसऱ्याच्या हुकमानं, दुसऱ्याच्या वेळेवर काम करतो. म्हणून हा कामगार आहे.

"कामगार!" मिरो ओरडला. "बग! सरकारच म्हंतंय!"

त्यानं मला उचललं. मी काही हलका नाही. आम्ही त्या मशीनपुढं नाचलो. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं काठीनं छत ठोकलं, तर त्याच्याच तालावर नाचलो.

मग मी पुढचं पान वाचलं.

पुढं लिहिलं होतं, की ज्या अर्थी हा कामगार आहे आणि ज्या अर्थी त्याच्या देशाच्या माणसाला परवान्याशिवाय कामगार होता येत नाही, त्या अर्थी त्याचं काम ताबडतोब बंद करण्यात यावं. फाउंड्रीला दंड.

मी हे दोनदा वाचलं. मिरो अजून हसतच होता, कारण शेवटच्या वाक्याचा अर्थ त्याला लागला नव्हता. मला ते त्याला समजावून सांगावं लागलं. आयुष्यात मी पुष्कळ नाटकं केली. पण ते पान वाचताना माझ्या आवाजात नाटक आलं नाही. तो खोटा मालक होता तोवर त्यांना चालत होता. खरा मजूर निघाला आणि गुन्हा झाला! ज्या दिवशी सरकारनं कबूल केलं, की हा घाम गाळून पोट भरणारा माणूस आहे, त्याच दिवशी त्याचं पोट बंद केलं. हे लिहितानाही माझी कानशिलं तापतात. पुढारी म्हणतात, कामगारांचं रक्षण करायला हे नियम केले. कुठल्या कामगाराचं? मिरोनं ज्याची नोकरी खाल्ली असा एक माणूस मला दाखवा. मी शोधला. तो नव्हता, म्हणून तर मला बेळगुंदीहून विमानाचं तिकीट काढून नेलं होतं! आणि कायद्याच्या रांगेत, संघातल्या देशाचा म्हणून, मिरोचा नंबर माझ्या आधी होता बरं का. फक्त माझ्यामागं वकील होते आणि त्याच्यामागं वॉशिंग मशीन.

फाउंड्रीच्या मालकाला आता माणूस पाहिजे होता. त्यानं रीतसर परवाना मागितला. मग सुरू झाला स्थानिक उमेदवारांचा शोध. रोजगार कचेरी माणसं पाठवायची आणि त्यांची परीक्षा घ्यायला मी! म्हणजे ऑस्ट्रियाचा माणूस ऑस्ट्रियात कामाला लायक आहे का, हे बेळगुंदीचा माणूस ठरवणार, कशासाठी, तर क्रोएशियाच्या माणसाला अडवण्यासाठी. या वाक्यात काही चूक वाटत असेल तर ती माझी नाही.

पहिला आला, त्यानं दारातूनच भट्टीचा उजेड पाहिला आणि 'येऊन गेलो अशी सही द्या' म्हणाला. दुसऱ्याची कंबर दुखत होती. मला एवढी दया आली, की मी त्याला बसायला खुर्ची आणि चहा दिला. तिसरा बेकरीतला कारागीर होता, बेकरी बंद पडली म्हणून आलेला. आणि खरं सांगतो, त्याचा हात सुरेख होता! कणीक तिंबलेल्या बोटांना रेती लगेच कळली. त्यानं पेटी अशी भरली, की मी टाळ्या वाजवल्या. मग ओतायची वेळ आली. पळीतून लाल बीड पेटीत पडताना ठिणग्या उडाल्या आणि हा गडी रेतीच्या ढिगामागं जाऊन बसला.

कचेरीतून फोन आला. "तिसऱ्याचा हात कसा आहे?"

म्हटलं, "हात फार चांगला आहे, पण आगीला भितो. भट्टीजवळ उभा राहू शकत नाही."

तिकडच्या माणसानं स्वल्पविरामापर्यंतच उतरवून घेतलं. निर्णय आला: स्थानिक उमेदवार उपलब्ध आहे, शिकवल्यास तयार होईल. परवाना नामंजूर.

बेकरीवाला आठवडाभर आला. जाताना माझा हात धरून म्हणाला, "मला पावच भाजू द्या हो." त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही त्यांनी माणूस म्हणून विचारलं नव्हतं, खुंटी म्हणून ठोकलं होतं.

मिरो गावी गेला. निघताना मशीन माझ्या खोलीत ढकलून ठेवलं. "संभाळ," एवढंच म्हणाला. कीर्तनकाराचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. पुढं आठ-नऊ महिने त्या मशीनवर मी जेवलो, आणि प्रत्येक घासाला त्या देशाच्या कारभाऱ्यांना शिव्या दिल्या. अस्सल बेळगावी शिव्या. त्यांना भाषांतर नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जर्मनीनं दार उघडलं. लगेच मिरो नदीपलीकडच्या फाउंड्रीत लागला. नोकर म्हणून! पहिली पावती मिळाली तसा तो पूल ओलांडून धावत मला दाखवायला आला. घर मिळालं. आना आणि पोरगी आल्या. मग एका रविवारी आम्ही दोघांनी ते मशीन फाउंड्रीच्या ढकलगाडीवर चढवलं आणि पुलावरून ढकलत न्यायला लागलो. पुलाच्या मध्यावर पोलिसांची गाडी थांबली. मी मनात सगळे कागद आठवले. पोलिसानं काच खाली करून विचारलं, "चालतंय का ते?"

मिरो म्हणाला, "अजून बघितलंच न्हाई."

पोलीस हसला आणि गेला. मशीनला परवाना लागला नाही.

खरी मौज पुढं आहे, आणि खरा संतापही तिथंच. बेकरीवाला गेल्यावर आमच्या फाउंड्रीत मोठ्या पेट्या भरायला माणूस उरला नाही. मालकानं ती कास्टिंग बाहेरून करून घ्यायचं ठरवलं. कुठून? पुलापलीकडून. पहिला ट्रक आला, मी पंपाचं एक घर उचलून आत बोट फिरवलं आणि मला रेती ठोकणारा हात ओळखू आला. योझेफला हाक मारली. त्यानंही बोट फिरवलं.

"मिरो," तो म्हणाला.

"मिरो," मी म्हटलं.

म्हणजे मिरोनं रेती ठोकली ती चालली, मिरोनं ओतलेलं बीड चाललं, ते पुलावरून आलं, आमच्याच दारात उतरलं, आणि पैसे नदीपलीकडं गेले. फक्त मिरो तेवढा अलीकडं चालत नव्हता! योझेफनं त्या कास्टिंगमध्ये परत एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "आणि याच्यात भोकं पण नाहीत."

इथवर मी बाकावर उभा राहून सांगत आलो होतो. लोक हसले होते. मशीनच्या वेळी काहींनी डबेही खाली ठेवले होते. बिशूचा डबा संपला होता, पण तो उठला नव्हता. विनायकचा चेहरा मात्र उतरला होता.

"अण्णा," तो म्हणाला, "तिकडलं येगळं, हिकडलं येगळं."

"बरं. तुझा थोरला भाऊ कुठं असतो रं कामाला?"

"कागलला. एमआयडीसीत."

"तिकडंच राहतोय?"

"न्हाई, बोरगावातनं रोज जाऊन-येऊन करतोय."

"कागल कुठल्या राज्यात?"

कुणीतरी मागून हसलं. "महाराष्ट्रात," विनायक पुटपुटला.

"आन् बोरगाव कर्नाटकात. आपण कुठल्या राज्यात असावं ह्यावरनं दोन सरकारं आपल्या जल्माआधीपास्नं भांडत्यात. कोर्टात भांडत्यात, विधानसभेत भांडत्यात. पर डबा घेऊन रोज हद्द ओलांडणाऱ्या तुझ्या भावाला आजवर नाक्यावर कुणी इचारलं का, की तू कुठला, आन् हितला मानूस मिळत असताना तू कशाला? आन् इचारलंच उद्या, तर तू काय करशील?"

"डोकं फोडीन त्याचं."

"मग माझं नको फोडूस. मी बिशूकडनं बोलतोय. त्याला नाक्यावर इचारणारा तू हाईस."

आता इथं टाळ्या पडायला हव्या होत्या. पडल्या नाहीत. भोंगा झाला. विनायक मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाला, "तुमास्नी काय, तुमी कमवून आलाय." ते मला लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. त्याच्या गावची किती पोरं घरी बसून आहेत ते मलाही माहीत आहे. पण ती बिशूमुळं बसलेली नाहीत. रेतीत हात घालायचं म्हटल्यावर त्यातली किती येतात, हे त्याला माझ्याइतकंच माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. सगळ्यांची हत्यारं टेबलावर ओळीनं. संध्याकाळी मी मिरोला फोन लावला. तो दरवर्षी मला तारीख विचारून घेतो आणि तिकडं आपल्या थापीला कुंकू लावतो. ऑस्ट्रियाची सात वर्षं संपून किती काळ झाला, आमच्या त्या मालकानं त्याला दोनदा बोलावणं पाठवलं. मिरो गेला नाही. म्हणतो, "आता त्यांनीच परवाना काढावा माझ्याकडनं." पोरगी कॉलेजात आहे. मशीन अजून चालतंय.

दसऱ्याला फाउंड्री बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आले, टेबलाला नमस्कार करून आपापली थापी, आपापला ठोकणा उचलून जागेवर गेले. टेबलावर एक थापी तशीच राहिली. बिशूची. झेंडू सुकलेला, कुंकू दांड्यावर पसरलेलं. बिशू आला नव्हता. त्याच्या खोलीतला सोबती सांगत होता, की तो सामान बांधतोय. दसऱ्यानंतर करार वाढणार नाही असं सभेत ऐकलं, मग मालक सांगेपर्यंत कशाला थांबायचं?

मालकांनी असलं काही ठरवलेलंच नव्हतं. मी जायला उठलो आणि परत बसलो. माझं बोलून झालं होतं. टेबलाच्या त्या टोकाला विनायक उभा होता. त्याच्या समोरची मोठी पेटी दोघांची, एकट्यानं उलटायची नाही. तो थापीकडं बघत होता. मग शॉपच्या दाराकडं बघितलं. मग मिळवून ठेवलेल्या रेतीचा मुठीत गोळा करून दाबला. गोळा फुटला.

त्यानं हात झटकला, थापी उचलली आणि बाहेर गेला. खोल्या आमच्या कंपाउंडला लागूनच आहेत. भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, नेहमीसारखा चढा, शिवी दिल्यासारखा:

"ए बिशू! चल की लेका भायेर! रेती वाळाय लागली तिकडं!"